साळवेबाबूंची नादारी

दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एडविन साळवे नावाचे बाबू होते. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेले. बाप लहानपणीच गेला होता. आई, दबोराबाई, मिशनच्या बंगल्यावर धुणीभांडी करायची. बोर्डिंगात शिकून रेल्वेत लागलेला कंपाउंडातला हा पहिलाच पोरगा, त्यामुळे चर्चच्या मंडळीतली माणसं आपल्या पोरांना रागावताना त्यांचं नाव घ्यायची. एडविनला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांची बायको हन्ना शिरूरलाच मिशनच्या शाळेत शिकवायची आणि सासूला सांभाळायची. एडविन दौंडला रेल्वेच्या चाळीत एकटे राहायचे, शनिवारी एस.टी.नं शिरूरला जायचे आणि सोमवारी पहाटे परत यायचे. मूलबाळ नव्हतं. हन्नानं पगारातून पै-पै बाजूला टाकून जागेसाठी पैसे साठवले होते. कंपाउंडाबाहेर आपलं स्वतःचं घर असावं, एवढीच तिची इच्छा. ते पैसे पोस्टात ठेवायला तिनं नवऱ्याकडे दिले होते.

मांडवगण फराट्याचे हौसराव फराटे गुळाच्या ढेपा घेऊन दौंडच्या मालधक्क्यावर यायचे. बोलायला मोठे गोड. छप्पन साली त्यांनी हप्त्यानं ट्रक घ्यायचं ठरवलं. जमीन म्हाताऱ्या वडलांच्या नावावर होती, म्हणून सावकाराला जामीन हवा होता. सरकारी पगारदार जामीन मिळाला तर तो एका पायावर तयार होता.

"साळवेबाबू, तुमची निस्ती सही," हौसराव म्हणाले. "नफ्यात चार आणे तुमचे. कुणाला कळायचं बी न्हाई."

हन्नाला विचारलं तेव्हा ती ताट वाढत होती. "दुसऱ्याच्या कागदावर सही करू नका," एवढंच म्हणाली. एडविननं मान हलवली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सही केली, आणि पोस्टातले पैसेही काढून ट्रकमध्ये घातले. घर बांधायला निघालो की तिला सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

वर्षभर ट्रक चालला. मग मुंबईला गूळ नेताना घाटात उलटला. ड्रायव्हर जागीच गेला. विम्याचा हप्ता हौसरावांनी भरायचा होता, तो थकला होता. हौसरावांनी हात वर केले आणि सावकार एडविनच्या चाळीत येऊन बसला. पगारावर जप्ती आणतो म्हणाला.

जप्तीचा हुकूम ऑफिसात येणार म्हणजे सगळं दौंड जंक्शन वाचणार. एडविननं पुण्याचा एक वकील गाठला. त्यानं नादारीचा अर्ज सुचवला. फेडायची ऐपत उरली नाही असं एकदा कोर्टानं जाहीर केलं की सावकाराला पगाराला हात लावता येत नाही. कोर्ट ठरवील तेवढं महिन्याला भरायचं आणि चार-पाच वर्षांनी मोकळं व्हायचं.

"पण रेल्वेला कळवावं लागतं," वकील म्हणाला. "नादार माणसाला ते रोकडीच्या जागेवर ठेवत नाहीत, कधी कधी काढूनही टाकतात. कळवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

एडविननं कळवलं नाही.

कोर्टाच्या तारखा पुण्याला पडत. पार्सल ऑफिसचे मुख्य आण्णा गोडबोले रजेचं कारण विचारायचे, म्हणून एडविननं आईला आजारी पाडलं. शिरूरला आई धडधाकट होती, कोंबड्या पाळत होती आणि इकडे दौंडला तिचा दमा वाढत चालला होता. आण्णा सज्जन माणूस. "आईची सेवा नशिबानं घडते साळवे," म्हणायचे आणि सही करायचे. हन्नाला मात्र खात्याच्या परीक्षेसाठी पुण्याला जातोय असं सांगितलेलं असायचं. तारीख लांबली की परीक्षा लांबायची. घरी द्यायचे पैसे कमी झाले तेव्हा फंडात जास्त कापून घेतात, असं त्यांनी सांगून टाकलं. शनिवारी शिरूरच्या स्टँडवर उतरण्यापूर्वी कुणाला काय सांगितलंय ते मनात घोकायची त्यांना सवय लागली. झोप उडाली. आई म्हणायची, "पोरा, वाळला रं तू. खानावळीचं सोड, हन्नाला तिकडं न्ये." ते हसून वेळ मारून न्यायचे.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात एकदा एडविन तारखेसाठी पुण्याला गेले. सुनावणी दुसऱ्या दिवसावर ढकलली गेली म्हणून तिथंच एका धर्मशाळेत राहिले. त्याच दिवशी शिरूरला दबोराबाई विहिरीवर पाणी भरताना कोसळली. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. हन्नानं दौंडच्या ऑफिसात तार केली: आई अत्यवस्थ, ताबडतोब या.

तार आण्णांच्या हातात पडली. त्यांना वाटलं, चुकामूक झाली असावी. त्यांनी लगेच उलट तार केली: साळवे आईच्या आजारासाठी रजा घेऊन आज सकाळीच शिरूरला निघाले.

हन्नानं ती तार सासूच्या खाटेशी उभं राहून वाचली. परत वाचली. मग घडी करून पोलक्यात खोचली आणि सासूच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत राहिली. म्हातारी दाराकडे बघत होती. पहाटे ती गेली. उन्हाळ्याचे दिवस, देह ठेवणं शक्य नव्हतं. चर्चच्या पाळकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग दफन उरकलं.

एडविन संध्याकाळी दौंडला पोचले. आण्णांनी तार पुढे केली. एडविन तसेच वळले, मिळेल त्या वाहनानं सकाळी शिरूरला पोचले. कबरीवरची माती अजून ओली होती. तिथं ते बराच वेळ बसले, मग घरी गेले.

हन्ना चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही.

"कुठं होता?"

"पुण्याला."

"परीक्षा होती?"

एडविन बूट काढायला वाकले.

"आण्णांना आईचं आजारपण सांगितलंत. मला परीक्षा सांगितली. घरात पैसे देत न्हाई. पोस्टातलं माझं पुस्तक मागितलं तर दोन महिने विसरताय." तिनं लाकूड आत सारलं. "पुण्याला बाई हाय का कुणी?"

एडविननं तोंड उघडलं. सही सांगायची तर तिचा शब्द मोडला ते सांगावं लागणार. पैसे बुडाले ते सांगावं लागणार. ती पाळकांपाशी रडणार, मिशनमध्ये कळणार, तिथून दौंडला. कंपाउंडातला पहिला पोरगा नादार. जीभ रेटेना. आणि इथं तिनंच एक उत्तर तयार करून ठेवलं होतं, सगळ्या प्रश्नांना पुरेल असं.

"व्हय," ते म्हणाले.

हन्ना पैशाबद्दल पुढं काही बोलली नाही. ते कुठं गेले हे तिला आता विचारायची गरज नव्हती.

ती पाळकांपाशी रडली आणि मंडळीच्या पंचांनी एडविनला बोलावलं. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला बसायची त्यांना बंदी झाली. शिरूरला जाणं हळूहळू थांबलंच. बाईची गोष्ट दौंडलाही पोचली, तेव्हा आण्णांनी त्यांना बाजूला घेतलं. "मला खरं सांगायचं होतंत. आईचं नाव कशाला घ्यायचं? मी काय पाद्री आहे?" ते म्हणाले आणि त्यानंतर पुण्याच्या रजेला कारण विचारणंच त्यांनी बंद केलं. एडविनला त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच त्यांना शरम वाटली.

हन्ना शाळेत जात राहिली. मास्तरणी तिच्याशी जपून बोलायच्या. बायका म्हणायच्या, मूल नसलं की पुरुष बाहेर बघतोच. लग्नाच्या हळदीला तिला बोलावणं येईनासं झालं.

बासष्टच्या हिवाळ्यात कोर्टानं एडविनची मुक्तता केली. सावकाराला जे मिळायचं ते मिळालं होतं, उरलेलं बुडालं. एडविन कोर्टातून निघाले ते थेट शिरूरच्या एस.टी.त बसले. वाटभर त्यांना हलकं वाटत होतं. बाई नव्हतीच कधी, हे ऐकल्यावर हन्ना रडेल आणि मग सगळं सुरळीत होईल, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

दारात उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. ट्रक, सही, पोस्टातले पैसे, नादारी. हन्नानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी कुणीच नव्हतं," ती म्हणाली.

"कुणीच न्हाई. देवाशपथ."

"म्हंजी तुमची अब्रू राखायला माझी घातलीत." आवाज चढलेला नव्हता. "कर्जात बुडालेल्या नवऱ्याची बायको म्हणून मी ताठ उभी राहिले असते. पैसे गेले तर परत साठवले असते. चार वर्षं मी टाकलेली बाई म्हणून पोरांना शिकवलं. आईचे डोळे दाराकडं होते, ते मी पाहिलं."

एडविन उंबऱ्यावर टेकले.

"रविवारी उपासनेला या," ती म्हणाली. "सगळ्यांपुढं उभं राहून हेच सांगा. मग घरात या."

नोकरी जाईल, हे त्यांच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

रविवारी ते मागच्या बाकावर बसले. शेवटची प्रार्थना झाल्यावर उभे राहिले आणि बोलले. हन्ना निर्दोष आहे, पुण्याला बाई नव्हती, मी नादार होतो, लाजेनं खोटं बोललो. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघत होती. पाळकांनी "प्रभू तुम्हाला बळ देवो" म्हणून आशीर्वाद दिला.

बाहेर चिंचेखाली सगळ्यात म्हातारे पंच बन्यामीन मामा त्यांच्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बायकोकडं परत आलास, बरं झालं. पण देवाच्या घरात कर्जाचं सोंग कशाला रं आणायचं? पाप केलं म्हणायचं, झालं. रेल्वेचा मानूस कुठं दिवाळखोर व्हतो व्हय?"

"मामा, खरं हाय ते."

"बरं बरं," मामा म्हणाले.

आवारात सगळ्यांची तीच समजूत झाली. त्या बाईनं हाकलून दिलं असेल, म्हणून गडी परतला, असं बायका बोलल्या. दौंडपर्यंत काहीच गेलं नाही. एडविनची नोकरी राहिली आणि पुढं त्यांना बढतीही मिळाली.

हन्नानं त्यांना घरात घेतलं, कारण तसा शब्द दिला होता. ते शनिवारी येत, ती ताट वाढून शाळेच्या वह्या तपासायला बसे. अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलेलं असायचं. बायका तिला म्हणायच्या, "मोठं मन तुमचं बाई, माफ केलंत." सुरुवातीला ती खरं काय ते सांगायची. पुढं पुढं तिनं तेही सोडून दिलं.