साडभाऊंचा चिखल्या

आयुष्यातले सगळे रविवार पोटावर पालथं पडून घालवलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ असावा हे माझं दुर्दैव. अकोल्यात सरकी-ढेपेचं चालतं दुकान, घरात कापसाची जाड गादी, तरी हे गृहस्थ पहाटे उठून बार्शीटाकळीकडच्या एका तलावावर जात आणि काठच्या चिखलात आडवे होत. कशासाठी, तर चिखल्याचा फोटो काढायला. चिखल्या म्हणजे पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारा मूठभर पक्षी. मोर नाही, पोपट नाही, रंगानंही मातीसारखाच. त्याच्यासाठी त्यांनी हाताएवढी लांब लेन्स घेतली. लग्नाकार्यात जेवणाऱ्या माणसाच्या ताटावर मोबाइल धरून ते फोटो दाखवत. ही माती कुठली, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माती नाही भाऊ, पक्षी हाय तो." पुतणीच्या साखरपुड्याला ते चिखलाच्या रंगाचे कपडे घालून आले. एकदा ते तलावावर निपचित पडलेले पाहून गुराख्यानं गावात वर्दी दिली. चार माणसं धापा टाकत आली, तर साडभाऊंनी उठून पक्षी उडवल्याबद्दल त्यांनाच झापलं. अशा माणसाबद्दल आदर कुठून आणायचा?

गेल्या उन्हाळ्यात ते अमरावतीला आमच्याकडे आले आणि मला ओढत कौंडण्यपूरला घेऊन गेले. तिथे वर्धेच्या पात्रात टरबूज लावणाऱ्या चाचांनी फोन केला होता की रेतीत चिखल्यानं अंडी घातलीत. अंड्यांवर बसलेल्या मादीचा फोटो तेवढा साडभाऊंचा राहिला होता. अंडी गोट्यांसारखीच दिसत होती. चाचांनी हात धरला नसता तर माझा पायच पडला असता. साडभाऊ पालथे पडले. मी छत्री धरून मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत उभा राहिलो.

मादी आली, पण जवळ येईना. थोडी पळे, थबके, केविलवाणी ओरडे आणि मागे फिरे. ऊन चढत गेलं. साडभाऊंनी रेतीवर तळहात टेकला आणि झटकन उचलला.

"सेठ," चाचा हळूच म्हणाले, "तुमी इथं हाय तवर ते बसत नाई. अंडे उकडून जातीन."

आता चाचांनाही झापणार, असं मला वाटलं. पण साडभाऊ मुकाट उठले आणि त्यांनी लेन्सवर झाकण लावलं. इतक्या लांब आलोत, एक तरी काढा, असं मीच म्हणालो.

"राहू द्या, भाऊ. बसू द्या तिले."

आम्ही टरबुजाच्या वाडीतल्या मांडवापर्यंत मागे आलो. साडभाऊ डोळ्यांतला घाम पुसत होते. "बसली का हो?" त्यांनी विचारलं. मला रेतीशिवाय काहीही दिसत नव्हतं.

"बसली," मी म्हणालो.

यंदा त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे. परवा फोनवर त्यांनी विचारलं, कौंडण्यपूरला एक चक्कर टाकाल का. मला असले धंदे नाहीत, असं मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेलो. पक्षी काही मला सापडला नाही. तासभर रेतीत एकेक पाऊल खाली बघून टाकत फिरलो आणि परत आलो.