दोन काचांमधलं धुकं

कारखान्यात त्याला सगळे ‘हवाबंद’ म्हणायचे. एक तर त्याने सील केलेल्या दुहेरी काचेत वर्षानुवर्षं ओल शिरत नसे, आणि दुसरं, त्याच्या तोंडून शब्द काढणं महाकर्मकठीण. रस्त्याच्या गोंगाटाने बायकोची झोप उडते म्हणून त्याने घरच्या खिडकीलाही तशीच काच बसवली. आवाज गेला, गारठा गेला. बायको शेजारणींना बोलावून खिडकी दाखवी आणि हा कानकोंडा होऊन आत पळे.

पण घरचंच काम म्हणून स्वारीने ते जेवणाच्या सुट्टीत उरकलं होतं. दोन काचांमधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरतात. याने ते सकाळपासून उघड्या पडलेल्या डब्यातले घेतले, म्हणजे आधीच हवेतली ओल पिऊन बसलेले. पुढच्याच हिवाळ्यात काचांच्या मधोमध धुकं साचलं. आतून पुसा, बाहेरून पुसा, ढिम्म हलेना.

“हल्ली समोरचं धूसर दिसतं हो,” बायको म्हणाली.

“काच बिघडलीय. तुझे डोळे ठणठणीत आहेत. बदलतो मी.”

बदलतो म्हणाला खरा, पण नवी काच कारखान्यातच करावी लागणार, म्हणजे हवाबंदच्या काचेत ओल शिरली हे तिथे कळलं असतं. मेला अभिमान आडवा आला आणि चालढकल सुरू झाली. बायकोला साखरेचा त्रास होता. डॉक्टरांनी डोळे तपासून घ्या म्हणून बजावलं होतं. ती उंबऱ्याला ठेचकाळू लागली, तरी याचं आपलं एकच: धुकं कुठे आहे ते मला ठाऊक आहे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला?

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी लाज गिळून त्याने नवी काच बसवली. समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटेसुद्धा स्वच्छ दिसत होते. त्याने बायकोला हाक मारली.

ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

“बदललीत ना? मग धुकं तसंच कसं?”

त्याने तिला तातडीने दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याचं जे गेलं ते परत येणार नव्हतं. आधी आणलं असतं तर वाचलं असतं.

घरी परतताना बायकोने त्याचा दंड धरला होता. “काच बिघडलेली होतीच की,” ती म्हणाली. “तुम्हाला तरी कसं कळणार?”

तो भर रस्त्यात रडला. तिला ते दिसलं नाही. धरलेला दंड थरथरला, तेव्हा समजलं.