जिवाचं टोपण

निंबोल्याच्या फाट्यावर समाधानमामाचं दुकान आहे. पाटी नाही. दारात उलटे टांगलेले फवारणी पंप दिसले की ओळखायचं. पाठीवर बांधायचे, पेट्रोलवर चालणारे पंप. आसपासच्या केळी-कापसातला जवळजवळ प्रत्येक पंप केव्हा ना केव्हा त्याच्या हातून गेलेला आहे. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस, बोलणं कमी, आणि बिघडलेलं इंजिन चालू करून द्या म्हटलं की आधी डोळे मिटून ऐकणारा.

या पंपांची इंजिनं टू-स्ट्रोक. त्यांना ऑइलची वेगळी टाकी नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन आतल्या आत अडकतो, म्हणजे ‘धरतो’, आणि ऐन फवारणीत पंप बसतो. म्हणून इकडे रीत पडली आहे: औषधाच्या बाटलीच्या टोपणाने लिटरला एक टोपण ऑइल घालायचं, आणि वर आणखी एक. वरच्याला सगळे ‘जिवाचं टोपण’ म्हणतात. ही रीत मामानेच पंधरा वर्षं गावोगाव पोचवली.

गेल्या दसऱ्यानंतर त्याने नाशिकच्या एका रेसवाल्याकडून जुनी डर्ट बाइक आणली. तीही टू-स्ट्रोक, पण अडीचशे सीसीची. दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही. सीट मामाच्या कमरेच्या वर. रस्त्यावर न्यायची परवानगीच नाही. तापीकाठच्या पडीक जमिनीत आणि मळ्यांतल्या वाटांवरच फिरवायची. पिकअपमधून ती उतरली तेव्हा फाट्यावर गर्दी झाली.

“समाधान भाऊ, ये क्या उठा लाए? हिच्यावरून फवारणी करणार काय?”

“आजपर्यंत लोकांचीच मशीनं ऐकली,” मामा म्हणाला. “एक आपलं असू दे की.”

कॉलेजात असताना त्याने जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक चालवली होती. तिचीच ही मोठी बहीण असेल, असा त्याचा हिशेब. पण हिचा स्वभाव वेगळा निघाला. हळू चालवली तर ती रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी सुस्त. थ्रॉटल आणखी फिरवला तरी काही क्षण काहीच नाही. मग आवाज एका ठराविक जागी पोचतो आणि सगळी ताकद एकदम येते, पुढचं चाक जमीन सोडतं. घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलं की थ्रॉटल अजून फिरतो. पहिल्याच दिवशी मामा धोंडूअण्णांच्या केळीच्या बागेत शिरला. दोन खोडं आडवी झाली, तिसऱ्याला मामा बिलगून बसला.

“समाधान्या,” अण्णा बांधावरून ओरडले, “घड उतरवायचा होता तर विळा मागायचा रे!”

तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा पडला तेव्हा कोणी हसलं नाही. उजवं मनगट मोडलं. तीन आठवडे प्लास्टर होतं, आणि दुकानाचं शटर खाली.

सिंधूमामी गावात आशा कार्यकर्ती आहे. तान्ह्या मुलांची वजनं, डोस, गरोदर बायकांच्या गोळ्या, सगळं तिच्या वहीत आणि डोक्यात. ती मामावर ओरडली नाही. प्लास्टर निघाल्यावर म्हणाली, “अहो, पाय मोडला असता तर मी तुम्हाला दुकानात नेऊन बसवलं असतं. पण हात गेला तर काय करू?”



“तुमच्या दोस्ताला, नेपानगरच्या हर्षलभाऊंना, ही गाडी पाहिजेच आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांना बोलावते. तोवर नदीतून वर येणारी ती चढण माझ्यासमोर चढून, उतरून दाखवा. न पडता. नाही जमलं तर गाडी त्यांची.”

“बरं,” मामा म्हणाला. तो कबूल झाला, आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं.

चालवणं तो मन लावून शिकला. फोनवर कुठल्याशा थंड देशातली मुलं चिखलात गाड्या नाचवत, ते बघून. बसायचं नाही, पायांवर उभं राहायचं. टाकी गुडघ्यांनी धरायची, हँडल सैल. क्लचवर दोन बोटं कायम. हे शेवटचं त्याने इतकं घोटलं की चहाचा कप धरतानाही त्याची डाव्या हाताची दोन बोटं पुढे ताणलेली दिसत.

इंजिन मात्र ऐकेना. धूर फार, सायलेन्सरमधून काळं तेल ठिबके, प्लग दर दोन दिवसांनी ओला. मामाने कार्बोरेटर उघडला आणि पेट्रोल सोडणारा जेट बदलून बारीक भोकाचा बसवला. धूर कमी झाला. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा आवाज लगेच उतरत नसे, वरच रेंगाळे. “मोकळं झालं बघ,” तो मला म्हणाला. एवढी वर्षं इंजिनं ऐकलेला माणूस. मला तरी शंका का यावी?

डिसेंबरच्या अखेरीस, एका गार सकाळी, नदीच्या वाळूत तो पूर्ण वेगात होता. मी आणि मामी काठावर. एकदम आवाज तुटला आणि मागचं चाक फिरायचं थांबून फरफटायला लागलं. गाडी आडवी होणार, इतक्यात ती पुन्हा सरळ झाली आणि बिनआवाजाची घरंगळत जाऊन उभी राहिली. क्लचवरच्या दोन बोटांनी काम केलं होतं. इंजिन धरलं होतं, पण क्लच दाबल्याने चाक सुटलं होतं.

मामी पळत गेली. त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग वाळूतच बसली.

दुपारी दुकानात इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. सिलिंडर मात्र वाचला होता. वर चिकटलेला धातूचा थर घासून निघाला. मामा पिस्टन हातात घेऊन बघत राहिला.

“ऑइल कमी पडलं नाही,” तो म्हणाला. “दोन-दोन टोपणं घालत होतो.”

“कोणतं टोपण?” मामीने विचारलं.

त्याने फळीवरचं निळं टोपण दाखवलं. मामीने ते पाण्याने काठोकाठ भरलं आणि तिच्या पिशवीतल्या सिरिंजने ओढून मोजलं. “तीस मिली. म्हणजे लिटरला साठ. गाडीच्या पुस्तकात किती सांगितलंय?”

“पंचवीस.”

“अहो! मी बाळाला असं औषध देईन का? एक माप, आणि वर एक जिवाचं?”

“जादा तेलाने मशीन कधी बसत नाही, सिंधू.”

“मग हे काय बसलंय?”

मामाने जेट उचलून उजेडासमोर धरला. त्या भोकातून बघितलं. मग हळू आवाजात, स्वतःलाच सांगत असल्यासारखा म्हणाला, “या भोकातून एका वेळी जाईल तेवढंच जातं. ऑइल वाढलं की त्यात पेट्रोल कमी. धूर दिसला म्हणून मी भोकच बारीक केलं. म्हणजे पेट्रोल आणखी कमी. तापलं, फुगलं, धरलं.”

“म्हणजे उपाशी ठेवलंत.”

“हो. थ्रॉटल सोडला तरी आवाज वर रेंगाळायचा, तो उपासानेच. पंप एका चालीत चालतो, त्याचं भागून जातं. हिचं नाही भागलं.”

त्याचा चेहरा कसा होता हे मला नीट सांगता येणार नाही. लाज होती, पण तिच्याखाली काहीतरी सैल झालं होतं. गाडी वाईट नव्हती, हातही वाईट नव्हता. माप चुकलं होतं, आणि माप दुरुस्त करता येतं.

गिऱ्हाइकांना त्याने स्वतःहून सांगितलं. धोंडूअण्णांनी पंप खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. “पंधरा वर्षं आमच्याकडून तेल पाजवलंस की रे, समाधान्या!” पण त्यांनी सिरिंज मात्र मागून घेतली.

इंदूरहून नवा पिस्टन आला. पंचवीस मिली, मोजून. जेट मोठा. मग प्लग काढून बघायचा, पुन्हा घालायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी. चौथ्या जेटला तो हवा तसा, भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा तपकिरी आला. मामाने तो मामीला दाखवला, तिने मान डोलावली, जणू एखाद्या बाळाचं वजन वाढलं होतं.

रविवार आला. हर्षलभाऊ पिकअप घेऊन नऊलाच हजर. मामीने हाताची घडी घातली होती, ती शेवटपर्यंत सोडली नाही.

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. मामा नदीत उतरला, वाळूत वळला आणि चढणीच्या पायथ्याशी उभा राहिला. मग निघाला. मधल्या दगडांपाशी ताकद एकदम आली, पुढचं चाक उचललं. माझे डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तो हँडलवर ओणवा होता, हात सैल, गाडी त्याच्याखाली डोलत वर चढत होती. माथ्यावर पोचून तो पलीकडे दिसेनासा झाला.

आणि आवाज थांबला.

मामी दोन पावलं पुढे गेली. हर्षलभाऊ पिकअपच्या बॉनेटवरून उतरले.  पाणी वाहत असल्याचं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मग माथ्यावर हेल्मेट दिसलं. मामा सावकाश, ब्रेक धरत खाली आला, आमच्यासमोर उभा राहिला आणि एक पाय जमिनीवर टेकवला.

“आवाज का बंद केलात?” मामीचा स्वर चिरका झाला होता.

“बंद कुठे केला? वळायला थ्रॉटल सोडला, तर तो लगेच खाली उतरला. इथवर ऐकू आला नसेल.” त्याने इंजिनाकडे बघितलं. “असंच पाहिजे.”

मामीने हाताची घडी सोडली. हर्षलभाऊंकडे वळून म्हणाली, “भाऊ, गाडी काही मिळत नाही तुम्हाला. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली आहे, जेवून जा.”

“वहिनी, मैं तो भरीत के लिए ही आया था,” हर्षलभाऊ म्हणाले.

मामाने गाडी स्टँडला लावली आणि वाळूतच खाली बसला. मामी त्याच्या शेजारी बसून हातमोजे काढायला लागली. उजवा निघेना, तेव्हा तिने तो हळूहळू, एकेक बोट सोडवत ओढला.