सईच्या खेळाची प्रॅक्टिस

"नाऊ दे आर शेअरिंग देअर फीलिंग्ज," सई म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

बाहुलीघरातलं जेवणाचं टेबल नीट मांडलेलं होतं. आई, बाबा आणि मुलगी अशा तीन लाकडी बाहुल्या ताठ बसल्या होत्या. माझ्या खोलीतल्या बाहुल्या एरवी भांडतात, छपरावरून पडतात, एकमेकींना फ्रिजमध्ये कोंबतात. जेवता जेवता भावना शेअर करणाऱ्या बाहुल्या मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होते. काहीतरी घोळ होता.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका छोट्या क्लिनिकमध्ये मी प्ले थेरपिस्ट होते. नावं अर्थातच बदलली आहेत. माझा व्यवसाय ऐकून आमच्याकडच्या काकू हमखास विचारायच्या, "म्हणजे दिवसभर मुलांशी खेळतेस? आणि त्याला डिग्री लागते?" लागते, आणि चांगली घाम काढणारी लागते. कारण त्या खोलीत थेरपिस्टला सगळ्यात जास्त काय जमावं लागतं, तर गप्प बसणं. मुलाने हवं ते खेळायचं. आपण शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत आणि 'शाब्बास'सुद्धा म्हणायचं नाही. मूल जे करतंय तेवढंच साध्या शब्दांत बोलून दाखवायचं, म्हणजे त्याला कळतं की कोणीतरी आपल्याकडे खरंच बघतंय. सहा वर्षांच्या मुलाला 'मला काळजी वाटते' हे सांगता येत नाही. त्याचं पोट दुखतं. पण हाताशी वाळू आणि चार खेळणी असली की तेच मूल सगळं मांडून दाखवतं. मांडलं की हलकं होतं, आणि झोप, भूक, शाळा हळूहळू रुळावर येतात. एवढीच काय ती आमची जादू.

सईचं पोटच दुखायचं. रोज सकाळी, स्कूल बस यायच्या वेळेला. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, काही निघालं नाही. तिचे बाबा निखिल नागपूरचे, गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर. आई अनघा आयटीत. नोकरीपायी दोन वर्षांत तीन घरं झाली होती: आधी टेक्सासात प्लेनो, मग मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी, आता ट्रॉय. सईची ही तिसरी शाळा, आणि तिथेही निम्मे दिवस दांडी.

"आजी-आजोबा म्हणतात, तिला वर्षभर नागपूरला पाठवा," अनघा पहिल्या भेटीत म्हणाली. "जूनचं तिकीट काढलंय. मी सोडून येणार. तिला अजून सांगितलं नाहीये." मग ती खुर्चीत पुढे सरकली. "ताई, मला नाही पाठवायचं तिला. पण इथे ती रोज रडते. तुमच्या आठ सेशन्समध्ये काही फरक पडला तर बघू."

निखिलनी वही उघडली होती. "मॅडम, टार्गेट काय ठेवायचं?"

"कसलं टार्गेट?"

"म्हणजे कितव्या सेशनला काय यायला हवं? काहीतरी मेट्रिक असेलच ना."

"तिला मनासारखं खेळता आलं पाहिजे. बस."

"ते झालंच. पण करेक्ट खेळ कोणता?"

माणूस सज्जन होता, पण चिकट. मी कंटाळून त्यांना आमचं एक पानी हँडआउट दिलं: खेळात आम्ही काय बघतो. मूल बाहुल्यांतून घर दाखवतं, भावना बोलून दाखवतं, मारायच्या बाहुल्यावर राग काढतं, वगैरे. ते पान त्यांनी फोल्डरमध्ये घातलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिली दोन सेशन्स सई हाताची घडी घालून बसली. "व्हॉट शुड आय प्ले?" मी म्हणायचे, इथे तू ठरवतेस. मग तिने माझ्या सगळ्या गाड्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. तिसऱ्या वेळी ती वाळूच्या ट्रेपाशी गेली. एक छोटी मुलगी तिने मानेपर्यंत वाळूत पुरली आणि पिवळी बस तिच्या शेजारून भर्रकन नेली. "बस गेली, मुलगी राहिली," मी म्हणाले. सईने मान हलवली. मला मनातून फार आनंद झाला, दार किलकिलं झालं होतं.

चौथ्या सेशनपासून तिने वाळूकडे ढुंकून बघितलं नाही. हवा भरलेला, मारला की पुन्हा उभा राहणारा बाहुला आमच्याकडे असतो. त्याला तिने मोजून दहा फटके मारले, हात झटकले आणि जाहीर केलं, "माय अँगर इज फिनिश्ड." आणि पाचव्या सेशनला ते भावना शेअर करणारं जेवण.

"डिड आय डू इट राइट?" तिने हळूच विचारलं.

प्रश्न विचारायचे नाहीत हा माझा नियम मी तिथेच मोडला. "सई, हे घरी खेळता का तुम्ही?"

"एव्हरी डे. आफ्टर डिनर. बाबाकडे लिस्ट आहे."

"आणि मारायचा बाहुला?"

"बाबा इज द बॅग! तो पोटाला पिलोज बांधतो. बाबा फॉल्स सो फनी!" आणि ती हसली. नुसतं हसली नाही, बाबा कसा पडतो ते तिने गालिच्यावर लोळून मला दाखवलं. पाच सेशन्समध्ये ती पहिल्यांदा हसत होती.

मला मात्र संताप आला होता. तापमान बघायला थर्मामीटर लावावा आणि घरच्यांनी तो आधीच बर्फात बुडवून आणावा, तसलं हे काम. निखिल हँडआउट घेऊन घरी मुलीची प्रॅक्टिस घेतात, हे मी माझी बॉस लिंडाला सांगितलं. ती इंग्लिशमध्ये जे म्हणाली ते मराठीत सांगते.

"हे हँडआउट त्यांना कोणी दिलं?"

"मी."

"व्वा. मग आता त्यांना बोलाव आणि हे बंद कर. या सेशन्समधून काही कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना बोलावलं. निखिलनी फोल्डर आणलं होतं. त्यात तक्ता. रोज साडेसात ते आठ, प्रत्येक खेळापुढे टिक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "मॅडम, परफॉर्मन्स इम्प्रूव्ह झाला ना? तेवढं जमलं तर जूनचं..." आणि ते तक्त्याच्या कडा सरळ करायला लागले. मान खाली गेली. हा माणूस मुलीला माझ्या परीक्षेत पास करायला निघाला होता, म्हणजे ती नागपूरला जाणार नाही. माझा राग तिथेच विरघळला, उलट मलाच वाईट वाटलं.

"या आठवड्यात शाळा किती बुडली?" मी विचारलं.

"सोमवारी बुडली," अनघा म्हणाली. मग बोटं मोजायला लागली. "मंगळवारी गेली... बुधवारी पण... अरे निखिल, त्यानंतर बुडलीच नाही!"

"हो का?" निखिल म्हणाले. "माझ्या शीटमध्ये शाळेचा कॉलमच नाहीये."

दोघांचं लक्ष टिकांवर होतं आणि पोट परस्पर बरं होत चाललं होतं. पूर्वी घरी आल्यावरही लॅपटॉप उघडणारे बाबा रोज अर्धा तास जमिनीवर बसत होते, उशा बांधून मार खात होते. खेळ चुकीचा होता, माणूस बरोबर होता.

खरं तर आमच्या शास्त्रात याची सोय आहे. थेरपिस्ट आईबाबांनाच मुलाशी खेळायला शिकवतो, आणि उपचार ते करतात. त्याला फिलिअल थेरपी म्हणतात. मला ती येत होती. पण दोघं बिझी दिसतात, यांना कुठे वेळ, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

सहाव्या सेशनला मी निखिलना आत पाठवलं. फोल्डर माझ्याकडे ठेवून घेतलं. नियम तेच: शिकवायचं नाही, विचारायचं नाही, 'व्हेरी गुड' नाही. शेजारच्या खोलीत एक काच आहे, खेळाच्या खोलीतून ती आरशासारखी दिसते. त्या काचेमागे मी, अनघा आणि लिंडा.

सई सवयीने बाहुलीघराकडे गेली. मग तिने बाबांचे रिकामे हात बघितले.

"व्हेअर इज द लिस्ट?"

"आज लिस्ट नाही. तू ठरव."

तिने बाहुलीघराचं दार लावलं. मग वाळूच्या ट्रेपाशी गेली. मुलगी पुरली. बस निघाली.

"बेटा, असं पुरू नये..." निखिल म्हणाले, आणि दचकून त्यांनी आरशाकडे बघितलं. "बस गेली."

"कोणीच थांबलं नाही तिच्यासाठी," सई इंग्लिशमध्ये म्हणाली.

"कोणी थांबलं नाही."

"तिला आत्ताच बस कळली होती. बस कळली की ते घर बदलतात. आता तिचं पोट बॅड आहे म्हणून तिला नागपूरला पाठवणार. एकटीला."

माझ्या शेजारी अनघाने तोंडावर हात दाबला. मुलांना सांगितलेलं नसतं, पण त्यांना माहीत असतं.

निखिल ट्रेपाशी खाली बसले. सईने त्यांचा शर्ट ओढला. "बाबा, यू बी द बस. परत ये."

पंचेचाळीस किलोमीटर बर्फातून ड्राइव्ह करून थेट ऑफिसातून आलेला तो माणूस, इस्त्रीच्या पँटमध्ये, हात-गुडघे टेकून ओणवा झाला. घर्रर्र आवाज करत खोलीला फेरी मारली आणि ट्रेपाशी येऊन थांबला. "बस परत आली," ते म्हणाले.

सईने मुलीला वाळूतून काढलं, झटकलं आणि त्यांच्या पाठीवर बसवलं.

"अगेन," ती म्हणाली.

अकरा फेऱ्या झाल्या. चौथीपासून पाठीवर स्वतः सईच होती. लिंडाने डोळे पुसत मला विचारलं, "हे तू यांना कधी शिकवलंस?"

निखिल गुडघे चोळत बाहेर आले. अनघाकडे बघून एवढंच म्हणाले, "कॅन्सल कर."

तिकीट त्याच दिवशी कॅन्सल झालं. जूनमध्ये आजी-आजोबाच ट्रॉयला आले. सईचं पोट एखाद्या सोमवारी अजून दुखायचं, पण ती बसमध्ये चढायची. मी काय शिकले? आईबापांना वेळ नसतो, हे आपण परस्पर ठरवू नये. त्यांना काम दिलं तर ते करतात, कधीकधी फारच करतात.

आठव्या सेशननंतर मी फाइल बंद केली. शेवटच्या फॉर्मवर 'उपचार कोणी केले' असा एक रकाना होता. तिथे मी माझं नाव लिहिलं. अख्ख्या नोकरीत तेवढी एकच खोटी नोंद माझ्या हातून झाली.