सोसायटीच्या नाण्यावरचा मोर

आमच्या म्हशीच्या गळ्यात एकेकाळी पितळेचा मोर होता. तो तिथं कसा गेला हे सांगायचं म्हणजे माझ्या पंचविशीतल्या शहाणपणाचं हसं करून घ्यावं लागेल. माझी हरकत नाही. ती पंचविशीतली बाई आता कुठं भांडायला येते?

आष्टीकडच्या आमच्या गावात त्या साली सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. विहिरींच्या तळाशी कबुतरं राहायला आली होती. मी आणि आमचे मालक दिवस उगवायच्या आत सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचो. घरी माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, आणि चार लेकरं. त्या काळी चार म्हणजे बेताचीच. अशी आम्ही सात माणसं.

टँकर यायचा आणि सोसायटीच्या गोदामाशेजारच्या हौदात पाणी ओतून जायचा. सोसायटी ते घागरींनी वाटायची. घरातली डोकी मोजून चिठ्ठ्या मिळायच्या. पांढरी चिठ्ठी एका घागरीची, गुलाबी दोन घागरींची. आमच्या वाट्याला रोज एक गुलाबी आणि एक पांढरी. सकाळी गुलाबी द्यायची, दुपारी पांढरी. पाणी आणायचं काम आत्याबाईंचं, आणि आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यात चिठ्ठ्या कनवटीला घामानं भिजून भाकरीच्या पापुद्र्यासारख्या व्हायच्या.

एक दिवस संध्याकाळी मी कामावरून आले तर घरात पाण्याचा टिपूस नाही. आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या.

"गुलाबी दिली, त हौदावरचा गडी म्हनतो, म्हातारे, पांढरी हाय. एकच घागर वतली. म्या काय म्हनू? मला त गडीबी पांढराच दिसतो."

"मग भांडायचं की, आत्याबाई."

"कशाच्या जोरावर भांडू? दिसत असतं त भांडले असते. उद्यापून म्या जात न्हाई. तू खडी सोड आन पानी भर."

मी खडी सोडली असती तर घरातली निम्मी भाकर सुटली असती. न सोडावी तर रोज एखादी घागर अशीच जाणार. रागारागानं का होईना, आत्याबाई दुसऱ्या दिवशी परत हौदावर गेल्या. एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. ते लक्षात ठेवा, म्हणजे मी पुढं काय केलं त्याची तुम्हाला नीट मजा येईल.

त्याच आठवड्यात आमचे चेअरमन कुठल्याशा साखर कारखान्यावर जाऊन आले. तिथं कँटीनमध्ये चहाला पितळेचा बिल्ला द्यावा लागतो, तो त्यांनी पाहिला, आणि खिशात घालून आणलासुद्धा. गोदामात सगळ्यांना दाखवून म्हणाले, "चिठ्ठ्या बंद. आपल्या सोसायटीचं सवताचं नानं काढायचं."

नाणं म्हटल्यावर ते काही कुणी एकट्यानं ठरवायचं नसतं. त्यासाठी कमिटी लागते. कमिटीत स्वतः चेअरमन, शाळेतले चित्रकलेचे मास्तर आणि दोन संचालक. त्यातले एक ऐकायचे आणि दुसरे झोपायचे. तालुक्याच्या साहेबांनी एक बाई पाहिजे असं सांगितलेलं, म्हणून पाचवी मी. मी सातवी पास होते आणि ते गावाला विसरू देत नव्हते.

बाजारच्या दिवशी सडकेचं काम बंद असायचं, त्या दिवशी बैठक. मास्तरांनी फळ्यावर नियम लिहिले. गावातल्या कुणीही चित्र काढून द्यावं. नाणं रुपयाएवढं. एका घागरीचं वेगळं, दोन घागरींचं वेगळं. कुणाला घरी बसून नकली करता येऊ नये. चित्रावर नाव नको, नुसता नंबर, नावं मास्तरांच्या वहीत. आणि शेवटचा नियम: कमिटीतल्या कुणी आपलं चित्र द्यायचं नाही.

हा शेवटचा नियम मास्तरांनी माझ्याकडं बघून वाचला, असं मला तेव्हा वाटलं. म्हणजे आपल्या हातातली कला यांना आधीच कळलेली दिसते! माझी रांगोळी पंचक्रोशीत नंबर एक, असं माझं मत होतं. पंचक्रोशीला कुणी विचारलं नव्हतं.

तीन दिवस मी दिवेलागणीला चुलीपुढं बसून मोर काढला. पिसारा फुललेला, पिसाऱ्यात एकवीस डोळे, चोचीत कळी, पायाखाली लाटा. लाटा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एका घागरीला मोर डावीकडं बघणार, दोन घागरींना उजवीकडं. ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन परातीतलं पीठ चार वेळा जास्तीचं मळलं. घरात डोळे गेलेली सासू, आणि ही बया मोराला एकवीस डोळे काढतेय.

नियमाचं काय करायचं? मी बाटलीतली शाई घेऊन आत्याबाईंपाशी गेले. "जरा अंगठा द्या. सोसायटीचं काम हाय."

ज्या बाईच्या अंगठ्याला जन्मभर कुणा सावकाराला शाई लावता आली नाही, तिनं सुनेवर विश्वास ठेवून तो पुढं केला. अंगठ्याचा तो कागद चित्राबरोबर मास्तरांकडं गेला. नंबर नऊ.

एकंदर चौदा चित्रं आली. गोदामाच्या दाराला बाभळीच्या डिंकानं चिकटवली. एकानं ऊस काढला होता. ऐकणारे संचालक पहिल्यांदा बोलले, "आपल्या गावात ऊस आसतो व्हय? आपल्या गावची मानसं जात्यात त्याच्याकडं, कोयता घेऊन." ऊस उतरवला. एकानं ढग काढला होता. त्यावर बरीच चर्चा झाली, कारण नाण्यावर ढग घेतला आणि खरा आला नाही तर सोसायटीचीच थट्टा. ढगही उतरवला. एकात चक्क चेअरमन होते. एका घागरीला बोडके, दोन घागरींना फेटा बांधलेले. हे चित्र कुणी दिलं ते मास्तरांच्या वहीत होतं. चेअरमन मात्र त्याच्याकडं असे बघत होते, जणू गावात आपल्यासारखाच दिसणारा दुसरा कुणी गृहस्थ आहे.

मत द्यायची पद्धत अशी: प्रत्येक चित्राखाली एक वाटी, आणि ज्याला जे आवडेल त्या वाटीत त्यानं एक चिंचोका टाकायचा. गोणपाटाचा पडदा धरला होता. एकेकानं आत जायचं. सगळं झाल्यावर मास्तरांनी चिंचोके मोजले. मग परत मोजले.

"माणसं पाच," ते म्हणाले, "आणि चिंचोके सात."

मी लुगड्याच्या काठाकडं बघायला लागले. चेअरमन छताकडं बघायला लागले. गोदामाचं छत तेवढं बघण्यासारखं नव्हतं. झोपणारे संचालक जागे झाले आणि म्हणाले, "दुष्काळात काही त जास्ती निघालं."

मास्तर शहाणे होते. त्यांनी आम्हा दोघांकडं एकदा बघितलं आणि जास्त चिंचोक्यांची दोन चित्रं ठेवली: चेअरमन आणि मोर. जवळच्या कडा गावातल्या तांबटाकडून दोन्हींचे नमुने करून आणायचं ठरलं.

पुढच्या बाजारी तांबट नमुने घेऊन आला. मोराचे दोन नमुने माझ्या हातात ठेवत म्हणाला, "ही पिसं ठोकायला मला एक दुष्काळ पुरायचा न्हाई. गावापुरते बिल्ले करायचे त दुसऱ्या दुष्काळाची सोय करा."

मी म्हटलं, "कलेला येळ लागतो." खरंच म्हटलं. आज आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

मग मास्तरांनी वही उघडली. ज्यांची चित्रं त्यांनी येऊन कल्पना समजावून सांगावी, असा त्यांचा आग्रह होता. हा नियम फळ्यावर नव्हता. फेटेवाल्या चित्राचे मालक चेअरमनच्या पुतण्याचे सासरे निघाले, ते परगावी होते. "आणि नंबर नऊ," मास्तर म्हणाले, आणि आत्याबाईंचं नाव वाचलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी जाऊन आत्याबाईंना हाताला धरून आणलं. मी उगाच बांगड्या मागं सारत बसले.

"मावशी," चेअरमन म्हणाले, "ह्यो मोर तुमी काढला?"

आत्याबाईंनी हात पुढं केला. मोराचे दोन्ही नमुने घेतले, एकावर अंगठा फिरवला. उलटा करून फिरवला. "मोर व्हय? मला वाटलं करडईचं बोंड हाय."

गोदाम हसलं. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांचं तोंड हळूच माझ्या बांगड्यांच्या आवाजाकडं वळलं. शाई, अंगठा, सोसायटीचं काम, हे सगळं त्यांच्या डोक्यात जुळताना मी बघत होते.

"म्याच काढला," त्या म्हणाल्या. "डोळे न्हाईत, म्हनून असा आला. पर म्या काढला आसला तरी कामाचा न्हाई. दोन घागरीचा कंचा ह्यातला?"

"उजवीकडं बघतो तो," मी हळूच म्हटलं.

"बोंडाला उजवं डावं आसतं व्हय? दुसरी जोडी द्या."

दुसरी जोडी दिली. त्यांनी तिच्यातल्या एकावरही अंगठा फिरवला. "ह्यो कोन? नाकाच्या जागी ढेकूळ हाय."

 तांबट म्हणाला, "चेअरमनसाहेब हायत, आत्या. हे बोडके, ते फेट्याचे."

"चेअरमन, रागावू नका. तुमी फेटा बांधला काय आन सोडला काय, मला सारखेच." मग त्यांनी नमुना फरशीवर वाजवून बघितला, तो खण्ण वाजला. "पितळ चांगलं हाय, तांबटा. निजामाच्या राज्यात आमी भोकाचा हाली पैसा घ्यायचो. त्याला कोन डोळे लावत बसलंय? अंगठा लावायचा, वाजवायचा, कनवटीला. तुज्याकडं भोक पाडायचा खिळा हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग एकीला एक भोक, दोनाला दोन. दोऱ्यात ववता येतील, हरवायचे न्हाईत."

तांबटाच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं. पण मास्तरांनी मान हलवली. "नकली होईल, बाई. एका भोकाच्या बिल्ल्याला घरी कुणीही दुसरं भोक पाडील. एका घागरीच्या दोन घागरी."

खरं होतं ते. तेवढं सगळ्यांना कळलं. आत्याबाईंचा हात मांडीवर पडला. त्या उठायला लागल्या, आणि मला एकदम दिसलं की ही बाई आता घरी जाईल आणि उद्या सकाळी परत त्या गड्यापुढं ओली चिठ्ठी घेऊन उभी राहील. किंवा राहणार नाही.

"मग उलटं करा," मी म्हटलं. "एक भोक असंल त दोन घागरी. दोन भोकं असतील त एक. भोक पाडता येतं, बुजवता येत न्हाई. बुजवलं त डाग अंगठ्याला लागतो. आपल्याच घागरी कमी करून घ्यायला कोन भोक पाडंल?"

 चेअरमन म्हणाले, "लोकांच्या ध्यानात कसं ऱ्हायचं?"

आत्याबाई परत खाली बसल्या. "कावून न्हाई ऱ्हायचं? जितकी भोकं जास्ती तितकी घागर गळती. पानी कमीच यायचं की." आणि माझ्या दिशेनं म्हणाल्या, "आता बोलली. सातवी आज पास झाली."

पुन्हा चिंचोके टाकले. या वेळी वाटी एकच होती, पडदाही नव्हता. पाच माणसं, पाच चिंचोके. चेअरमनचा हात वाटीवर जरा रेंगाळला, पण पडला.

बिल्ले आठ दिवसांत झाले. नुसत्या गोल चकत्या, एक भोक, नाही तर दोन. मास्तरांना ते शेवटपर्यंत आवडले नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी मी मुद्दाम आत्याबाईंच्या मागोमाग हौदावर गेले आणि रांगेच्या शेवटी उभी राहिले. आत्याबाईंनी दोऱ्यातला बिल्ला अंगठ्यानं चाचपून काढला आणि गड्याच्या हातावर ठेवला.

"एक भोक. दोन घागरी. वत."

गड्यानं जुन्या सवयीनं सुरू केलं, "म्हातारे, ह्याला दोन भोकं..."

"दोन भोकं तुज्या नाकाला हायत. वत म्हन्ते न."

रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. गड्यानं दोन घागरी ओतल्या, दुसरी जरा काठोकाठच. आत्याबाईंनी एक डोक्यावर घेतली, एक कमरेवर, आणि सवयीच्या वाटेनं निघाल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "रांगेत उगं कावून उभी हायस? घरी भाकरी कोन टाकनार, मोर?"

म्हणजे मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. बांगड्यांनी परत घात केला.

चेअरमनच्या नमुन्याचं काय झालं मला माहीत नाही. मोराचे दोन्ही नमुने तांबटानं रीतसर ज्याचे त्याला दिले, म्हणजे आत्याबाईंना. एक त्यांनी लेकरांना खेळायला दिला, तो दोन दिवसांत हरवला. दुसरा सुतळीत ओवून म्हशीच्या गळ्यात बांधला. म्हैस जनावरांच्या छावणीत जायची होती. "तितं समद्या म्हशी काळ्या," त्या म्हणाल्या. "आपली वळखू यावी." आणि आलीही. छावणीत आमची म्हैस मोरवाली म्हणूनच ओळखली जायची. कुणी विचारलं की आत्याबाई अभिमानानं सांगायच्या, "मोर म्याच काढलाय." मी शेजारी उभी असले तर जरा जास्तच मोठ्यानं. मला काय बोलता येणार? अंगठा त्यांचा होता.

पाऊस आला, टँकर गेला, म्हैस घरी आली. पुढं काही वर्षांनी डोळ्यांचं शिबिर भरलं आणि आत्याबाईंचा एक डोळा उघडला. पट्टी सुटल्यावर घरी आल्या. आधी लेकरांची तोंडं हातात धरून बघितली. मग लेकाला बघितलं, वाळलास म्हणाल्या. मग गोठ्यात गेल्या. म्हशीच्या गळ्यातला बिल्ला पदरानं पुसला, उन्हाकडं धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. पिसारा, एकवीस डोळे, कळी, लाटा.

मी दारातच थांबले. इतक्या वर्षांनी का होईना, कुणीतरी माझा मोर नीट बघत होतं.

त्यांनी तो परत म्हशीच्या गळ्यात सोडला आणि माझ्याकडं वळल्या.

"आगं," त्या म्हणाल्या, "ह्याच्यापरीस बोंडच बरं हुतं."