मेनूतला नवरदेव जाड का दिसतो?

लग्नाच्या डीव्हीडी करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते तक्रार घेऊन स्वतःच दुकानात येतात! किन्हवलीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. नवरा, मंगेश, शूटिंग करतो आणि मी कम्प्युटरवर डीव्हीडी बनवते. शूटिंग झकास दिसतं. घोळ होतो तो सुरुवातीच्या मेनूत. जोडप्याचा फोटो आणि त्यावर 'हळद', 'लग्न', 'वरात' अशी बटणं. आमच्या कम्प्युटरवर छान दिसणारा हा फोटो लोकांच्या टीव्हीवर गेला की बिघडतो!

*

एकदा नवरदेवाचे वडील आले. "पोरी, आमचा पोरगा एवढा जाड नाय गो!"

मी मेनू जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचा केला होता, त्यांचा टीव्ही नवा, रुंद. "काका, टीव्हीनं फोटो ताणलाय."

काका गंभीरपणे म्हणाले, "लग्नानंतर पोरं सुटतात ते ठाऊक होतं. आमचा मेनूतच सुटला!"

*

एका मावशींच्या मेनूत दोघांचे चेहरे इतके धूसर, की नवरी कुठली नि नवरा कुठला ते फेट्यावरून ओळखायचं! सेटिंग सगळी 'बेस्ट'वर टाकली, तरी तेच.

"मावशी, मूळ फोटो द्या ना."

"ह्योच मूळ! मामानं आत्याला पाठवला, आत्यानं मला, मी तुला."

वऱ्हाड फिरलं नसेल एवढा तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरला होता!

*

आसनगावच्या एका घरून फोन आला, "मेनू पिवळा दिसतोय." मी रंग दुरुस्त करून दुसरी डीव्हीडी दिली. पुन्हा पिवळा! शेवटी मंगेश त्यांच्या घरी गेला आणि त्यानं टीव्हीची काच पुसली. फडक्याला हळद! लग्नघरातल्या पोरांनी हळदीच्या हातांनी कार्टून बघितलं होतं.

*

म्हसा गावच्या जत्रेतल्या आपल्या बैलाचं शूटिंग एका दादांनी करून घेतलं. मेनूत बैल ताणला गेला. मी घाबरतच म्हटलं, "दादा, आत्ता नीट करते."

"हात नको लावू!" दादा खूश. "आत्ता कुठं तो मनासारखा लांब झालाय!"

*

मग मी शहाणी झाले. मोठा, मूळ फोटो मागून घ्यायचा, आपणच मेनूच्या मापाचा करायचा, मगच सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. फोटो आरशासारखा दिसायला लागला. एकच गोष्ट सुटली. काही टीव्ही फोटोच्या कडा खातात!

मुरबाडची एक सासू नव्या सुनेला घेऊन दुकानात आली. मेनूतल्या फॅमिली फोटोत सासू अगदी कडेला उभी होती, टीव्हीनं तिला अख्खं खाल्लं होतं.

"माज्याच पोराच्या लग्नात मीच नाय? आमी काय मेलो काय गो?"

मी हजारदा माफी मागितली. लगेच दुसरा फोटो शोधला, त्यात सासूबाई बरोब्बर मध्ये, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. जुनी डीव्हीडी परत घेऊन नवी दिली. सासूबाई हसत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. आवाज एकदम हळू.

"वहिनी, ती पहिली डीव्हीडी ठेवलीय ना हो तुमी?"