बोटभर कणीक

तुळशीराम भोईरांना परदेशी न्यायचं तर त्यांचा पखवाजही न्यावा लागणार, हे पनवेलजवळच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लेक समीक्षा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नर्स. आई, गोदूबाई, गेल्यावर बाप एकटा पडला, म्हणून तिने त्यांच्यामागे लकडा लावला होता. नाही नाही म्हणता ते तयार झाले, पण अट घालून. "माजा पखवाज माज्या आदी तिकडं पोचला पायजे. तो नाय, तर मी नाय."

याला हट्ट म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण या माणसाचं आयुष्य बघितलं तर हट्टाचा राग येत नाही. वाडवडिलांची मिठागरं बंदरात गेली, भाताची खाचरं इमारतींच्या पायाखाली गेली. ते स्वतः पनवेलच्या एस.टी. आगारात गाड्यांच्या पोटाखाली झोपून म्हातारे झाले. बापाच्या हातातलं त्यांच्या हातात जसंच्या तसं आलं ते एवढंच: खैराच्या एका बुंध्यातून कोरलेलं पखवाजाचं खोड. दर एकादशीला गावच्या देवळात विनायकबुवांनी अभंग उचलायचा आणि तुळशीरामांनी पखवाजावर थाप टाकायची, यात कधी खंड पडला नाही.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या कातड्यावर, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय तो घुमतच नाही. ही कणीक मळायचं काम समीक्षाचं. लहानपणापासून लग्न होईपर्यंत तीच मळायची, आणि अशी मळायची की बुवाही तारीफ करायचे. पण थापायची मात्र तुळशीरामांनी. बाईमाणसाने पखवाजाला हात लावायचा नाही, हा भोईरांच्या घरचा कायदा. का, ते विचारलं तर घरातल्या एकालाही सांगता आलं नसतं. पोरीने मळलेली कणीक चालते आणि पोरीचा हात चालत नाही, वा रे कायदा!

सामान बोटीने पाठवायचं ठरलं. बांधाबांध करायला राजस नावाचा तरुण आला. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "काका, तिकडचे लोक लाकूड आणि कातडं भिंगातून बघतात. मातीचा कण नको, झाडाची साल नको, भुंग्याचं भोक नको, अन्न तर अजिबात नको. नाहीतर क्वारंटाइनमध्ये अडकेल, आणि अडकलं की जाळूनही टाकतात."

तुळशीरामांनी हे मनावर घेतलं. गोदूबाईंचं पोळपाट-लाटणं, भाकरीचं पीठ मळायची काथवट, देव्हारा, सगळं ब्रश घेऊन घासलं, गच्चीवर उन्हात उलटंपालटं केलं. काथवटीच्या कडेला पिठाचा जुना थर होता, तो सुरीच्या टोकाने काढताना त्यांना भरून आलं. बायकोचा हात आपणच पुसतोय असं वाटलं, पण पुसला.

नेमकी सामान न्यायच्या आदल्या दिवशी एकादशी आली. गाव कुठलं सोडतंय! विनायकबुवा दारात येऊन म्हणाले, "तुळशा, आज पखवाज वाजल्याबिगर गावातून जायाचा नाय." वाजला, आणि असा वाजला की देवळाबाहेर रिक्षावाले गिऱ्हाईक सोडून उभे राहिले.

घरी येऊन तुळशीरामांनी कणीक खरवडली. सगळी नाही. त्यांचे वडील सांगायचे, वाद्य उपाशी ठेवू नये, बोटभर कणीक कडेला राहू द्यावी. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. राजसचे शब्द त्यांना आठवले नाहीत असं नाही. आठवले, आणि त्यांनी ते बाजूला सारले. घरातून कायमचा निघालेला पखवाज उपाशीपोटी कसा पाठवायचा? तो त्यांनी गोदूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि सकाळी राजसला सांगितलं, "साफ हाय."

बोट गेली. न्यूझीलंडला पोचेपर्यंत त्या बोटभर कणकेत किडे झाले.

समीक्षाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तुळशीराम चहा गाळत होते. तिचा चेहरा बघूनच त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

"बाबा, बाकीचं सगळं पास झालं. आईची काथवटपण. पखवाज होल्डवर आहे. डाव्या पुडीला कणीक चिकटलेली मिळाली. त्यात पोरकिडे."

"मंग?"

"क्वारंटाइनवाले म्हणतात, परत पाठवा किंवा नष्ट करू. मी हातापाया पडले, तेव्हा तिथल्या बाई एवढं म्हणाल्या, की दोन्ही बाजूंचं कातडं काढून जाळायला दिलं, तर नुसतं लाकूड औषधाची धुरी देऊन सोडू."

तुळशीरामांनी चहाचं भांडं बाजूला सारलं. चूक सरळसरळ आपली आहे, हे त्यांना कळत होतं आणि म्हणून जास्त राग येत होता. तिकडच्या लोकांचा, किड्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"मी साफ हाय बोललो राजसला," ते म्हणाले. मग म्हणाले, "पुडी काय, मीच चार वेळा बदललीय. बापाचं ते खोड. खोड वाचव."

पण पुडी काढायची कोणी? तिकडच्या गोदामातले लोक म्हणाले, आम्ही सरळ कापू. कापताना पातं लाकडात घुसलं तर संपलंच. वादी, म्हणजे पखवाजाला आवळणारी चामड्याची पट्टी, सोडवून काढणारं माणूस हवं होतं. लहानपणापासून ते काम बघत आलेलं तिथे एकच माणूस होतं, आणि घरच्या कायद्याने त्याला मनाई होती.

तुळशीरामांनी फोन डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. "तू काड. मी सांगतो तसं."

समीक्षाने फोन जवळ घेतला. "मी? हात लावू?"

"लाव. आदीच लावायला पायजे होता. मी मूर्ख."

दुसऱ्या दिवशी गोदामातून फोन जोडला गेला. समीक्षाने हातमोजे घातले होते, शेजारी त्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. पनवेलहून तुळशीराम सांगत गेले. आधी गट्टे काढ, वादीखालचे लाकडी ठोकळे. हातोडी तिरकी मार. आता गाठ शोध, डाव्या अंगाला हाय. ओढू नको गं, सैल कर. समीक्षाच्या कपाळावर घाम आला होता, आणि इकडे तुळशीरामांची बोटं हवेत वादी सोडवत होती. शेवटी दोन्ही पुड्या निघाल्या आणि आत नुसतं लाल, गुळगुळीत खैर दिसलं. त्या बाईंनी आत टॉर्च मारला, बोटाने टकटक केलं आणि मान हलवली.

मग तुळशीरामांनी पनवेलमध्ये नव्या पुड्या करून घेतल्या. कुरिअरला देण्याआधी त्यांनी त्या इतक्या वेळा पुसल्या की पुड्या करणारा म्हणाला, "आता कातडं फाटंल, तात्या!" तिकडच्यांनी त्याही उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि सोडल्या. त्या चढवायला समीक्षाला दोन रविवार लागले. दोन्ही रविवारी बापलेकींचं फोनवर भांडण झालं आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर निघालं.

तिसऱ्या रविवारी फोन आला तेव्हा पखवाज तिच्या पुढ्यात आडवा होता आणि शेजारी काथवटीत कणकेचा गोळा. विनायकबुवाही तुळशीरामांच्या खांद्यावरून बघत होते.

"कणीक जरा सैल पायजे," तुळशीराम म्हणाले.

"बाबा, कणीक मीच मळायचे. विसरलात?"

तिने गोळा डाव्या पुडीच्या मधोमध थापला, कडा बोटांनी दाबल्या आणि उघड्या हाताने थाप मारली. बदबद आवाज आला. तिने आणखी चिमूटभर कणीक लावली आणि पुन्हा मारली. आता आवाज खोल गेला आणि फोनच्या एवढ्याशा भोकातूनही घुमत आला. बुवांनी तोंडातल्या तोंडात अभंगाची पहिली ओळ धरली. तुळशीराम रडत होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"तिकीट काड माजा," ते म्हणाले. "आणि ती कणीक सगळी खरवड. एक कणपण ठेवू नको."

"आणि उपाशी राहील तो?"

"उद्या पुन्यांदा मळशील ना? मंग कसला उपाशी!"